ती खोली उघडू नकोस

प्रिय,

तुझं पत्र काल रात्री वाचलं, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचलं. सोबतचा निबंध नेटका आहे, त्याबद्दल फारसं बोलत नाही. बोलायचंय ते कथेबद्दल. माडीवरची बंद खोली, रात्री आतून येणारा शिवणयंत्राचा आवाज आणि खाली माजघरात टक्क जागी असलेली सात वर्षांची मुलगी. अकरा पानं एका दमात वाचली. मग शेवटची तीन आली आणि मी चष्मा काढून ठेवला.

कार्यशाळेत कुणीतरी म्हणालं, 'खोलीतली ती बाई कोण होती हे वाचकाला कळायला हवं.' मग तू मोठ्या आत्याला फोन केलास. आत्यानं सगळं सांगितलं आणि तू ते जसंच्या तसं आणून शेवटाला चिकटवलंस. आता मला विचारतेस, 'बाई, माहीत असून न लिहिणं हा खोटेपणा नाही का?'

ती खोली उघडू नकोस. माझं उत्तर एवढंच. पण एवढ्यावर गप्प बसणारी तू वर्गातही नव्हतीस, म्हणून पुढचं लिहिते.

जिच्यावर तू बारा पानी निबंध लिहिलास, त्या इंग्रज लेखिकेचं, व्हर्नन लीचंच बघ. टोपणनाव, खरं नाव, फ्लॉरेन्स, चित्रकार सार्जंटनं १८८१ मध्ये काढलेलं तिचं चित्र, सगळं तुझ्या निबंधात आहे. आणि इटलीतल्या बोलोन्याचा प्रसंग मात्र एका वाक्यात उरकलास! अगं, तिथेच तर सगळं आहे. साल १८७२. ती आणि सार्जंट, दोघं सोळा वर्षांची. तिथल्या संगीतशाळेत फारिनेल्लीचं चित्र लावलेलं. लहानपणी खच्ची करून ज्याचा गळा राखला, स्पेनच्या खिन्न राजासाठी जो वर्षानुवर्षं गायला, तो गायक. १७८२ मध्ये त्याच बोलोन्यात वारलेला. ही दोन पोरं चित्रासमोर उभी. चेहरा आहे, कपड्यांचा थाट आहे, आवाज तेवढा नाही. तसल्या गळ्याचं पहिलं ध्वनिमुद्रण व्हायला अजून तीस वर्षं होती, आणि झालं तेही दुसऱ्याच कुणाचं.

माहिती तिच्याकडे कमी होती म्हणतेस? चोविसाव्या वर्षी तिनं अठराव्या शतकातल्या इटलीवर आख्खं पुस्तक काढलं, त्यात तिथलं संगीतही आलं. त्या चित्रातून तिनं लिहिलेली एक कथा १८८१ मध्ये छापून आली. मग तीच गोष्ट पुन्हा लिहिली, ती १८९० च्या 'हॉन्टिंग्ज' या तिच्या भुताटकीच्या कथांच्या संग्रहात आहे. व्हेनिसमधला एक संगीतकार जुन्या गायकाच्या चित्राची टिंगल करतो, मग तो आवाज त्याच्या मागे लागतो आणि शेवटी त्याला स्वतःचं म्हणून काही सुचेनासंच होतं. एवढा अभ्यास करूनही तिनं आवाजाचा उलगडा केला नाही. जे माहीत होतं ते निबंधात गेलं. कथेत आलं ते कधीच ऐकायला मिळणार नव्हतं ते.

(सार्जंटच्या चित्रात चष्म्यावर चमक आहे, तोंड अर्धवट उघडं आहे, रंग एका बैठकीतले, घाईचे. ती काहीतरी बोलतेय आणि आपल्याला ऐकू येत नाही. ही दोघं बोलोन्याहून एकच गोष्ट शिकून आली असं मला उगाच वाटत आलंय.)

उलट उदाहरण हवंय? 'उडॉल्फो' कादंबरीतला काळा पडदा. १७९४ मध्ये अॅन रॅडक्लिफनं नायिकेला तो उचलायला लावला, बेशुद्ध पाडलं आणि शेकडो पानांनी सांगितलं की मागे मेणाची आकृती होती. पडदा सगळ्यांना आठवतो. मेण कुणाला आठवतं?

आता माझं ऐक. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

१९८४ साली मी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. आमच्या काकूवर. काकू म्हणजे मला आठवत होता तो जिन्यातला रिठ्याचा वास आणि अंधारात कुणीतरी बाजूला सरकल्याची जाणीव. संपादकांचं पोस्टकार्ड आलं, 'शेवट स्पष्ट करावा.' मी एका रात्रीत दोन पानं वाढवली. काकूला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं, हिरवी साडी नेसवली. कथा छापून आली. आईनं वाचली, 'म्हणजे आपली काकूच ना,' म्हणाली आणि अंक फडताळात ठेवून दिला.

काकू बालविधवा होती गं. तिनं जन्मात हिरवं नेसलं नाही. पण आज मी डोळे मिटले तर तिच्या अंगावर ती साडीच दिसते. रिठ्याचा वास गेला. चाळीस वर्षं मी तो शोधतेय, आणि दर वेळी जिन्यात माझंच वाक्य उभं असतं. खोली मी उघडली, आणि आत मीच जाऊन बसले.

त्यानंतर मी कथा लिहिली नाही. 'बाईंचं लिहिणं सुटलं' असं तुमच्या आधीच्या बॅचपासून ऐकतेय. सुटलं नाही, मी थांबवलं. १९९१ ची एक कथा अजून कपाटात आहे. तिचाही शेवट स्पष्ट करून मागितला होता, मी दिला नाही. माझ्या नावावर एकच पुस्तक आणि तेही निबंधांचं, याची मला लाज वाटत नाही. कुणी म्हणेल, घाबरली. म्हणू दे. त्या पोस्टकार्डाला तेव्हाच उत्तर दिलं असतं तर आज तुला एवढं लांबलचक पत्र लिहीत बसले नसते.

राहिला तुझा खोटेपणाचा प्रश्न. आत्यानं सांगितलं ते भयंकर आहे, आणि ते दडपून ठेव असं मी म्हणत नाही. ते लिही. वेगळं लिही, निबंधात, त्या बाईचं नाव घालून, कुठल्या साली कुणी काय केलं ते सगळं. तिच्यावर जे झालं ते खरं आहे म्हणूनच तुझ्या गोष्टीचा दचका म्हणून वापरू नकोस. ती जिवंत असताना घरानं तिला खोलीत ठेवलं. मेल्यावर तू तिला चौदाव्या पानावर ठेवतेयस. शिवणयंत्र ऐकणाऱ्या त्या सात वर्षांच्या मुलीला यातलं काय माहीत होतं? काहीच नाही. गोष्ट तिची आहे, तिला जेवढं माहीत तेवढंच राहू दे. आणि कार्यशाळेला जाणं जरा कमी कर.

शेवटची तीन पानं काढून कथा पुन्हा पाठव. पंधरा दिवस पुरेत, तुझ्याकडून महिनाभर 'करतेय बाई' ऐकण्याइतका धीर आता माझ्यात नाही.

आणि एक. पहिल्या खर्ड्यात खोलीला कडी आतून होती, या खर्ड्यात बाहेरून झालीय. तुला काय आठवतं ते बघ. आत्याला विचारू नकोस.

तुझी,
बाई