सोलापूर जिल्ह्यात मांसासाठी जनावरं पाळायची तर जात सुधारणा, आरोग्य आणि चाऱ्यासाठी सरकारी पैसा मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की परदेशात मांसासाठीच्या गाईंची जात सुधारायला, त्यांच्या औषधपाण्याला आणि चाऱ्याला सरकार पैसे देतं. तसं आपल्याकडे काही आहे का, आणि पुण्याची नोकरी सोडून गावी आलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी सांगोला तालुक्यात नऊ वर्षं शेळ्या करते. अनुदान घेऊन झालंय, अनुदानाच्या नादात पैसे घालवूनही झालेत. तेव्हा कागदावरचं आणि गोठ्यातलं दोन्ही सांगते.

गाईचा विषय आधी मिटवू. महाराष्ट्रात 4 मार्च 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे मांसासाठी गाय ही योजना इथे असूच शकत नाही. राष्ट्रीय गोकुळ मिशनचा पैसा आहे, पण तो देशी गोवंशाची पैदास आणि दूध वाढवण्यासाठी. आपल्या खिलार बैलाचा भाव तर आता बैलगाडा शर्यतीवर ठरतो. 2023 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यतींचा कायदा कायम ठेवला आणि खोंडांचे दर कुठल्या कुठे गेले. म्हशीला कायद्याने तशी बंदी नाही. पण पंढरपुरी म्हशीचं रेडकू दूध पाजून वाढवायचं आणि मग विकायचं, हे गणित आमच्या भागात कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे राहिली शेळी आणि मेंढी. तेही काही वाईट नाही, कारण उस्मानाबादी शेळी आपल्याच भागातली. दोन-दोन करडं देणारी, उन्हाला न डगमगणारी.

आता पैसा. मोठी योजना केंद्राची, राष्ट्रीय पशुधन अभियान. त्यात प्रकल्पखर्चाच्या 50 टक्के भांडवली अनुदान आहे. 100 शेळ्या आणि 5 बोकडांना कमाल 10 लाख, आणि पुढे चढत 500 शेळ्या आणि 25 बोकडांना 50 लाखांपर्यंत. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) किंवा चाऱ्याच्या विटा करायचा कारखाना टाकायचा असेल तर त्यालाही 50 लाखांपर्यंत आहे. आकडे ऐकून डोळे दिपतात, पण पैसे दोन हप्त्यांत येतात आणि दुसरा हप्ता प्रकल्प पुरा झाल्यावर, तपासणीनंतर. तोवर बँकेचं व्याज तुमच्या डोक्यावर. कधी शेळी न पाळलेल्या माणसाने एकदम शंभरचा कळप करावा, असं मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगणार नाही.

लहान योजना राज्याची, दहा शेळ्या आणि एक बोकड. उस्मानाबादी किंवा संगमनेरीचा गट 1,03,545 रुपयांचा धरलाय. शेळी 8,000 ची, बोकड 10,000 चा, वर विमा. सर्वसाधारण गटाला निम्मं म्हणजे 51,773 रुपये अनुदान, अनुसूचित जाती-जमातीला 75 टक्के. अर्ज पशुसंवर्धन विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा, निवड झाली नाही तर नाव प्रतीक्षा यादीत जातं. धनगर समाजातले असाल तर राजे यशवंतराव होळकर महामेष योजना बघा, वीस मेंढ्या आणि एक नर, 75 टक्के अनुदान. शेडसाठी रोजगार हमीतून दहा शेळ्यांच्या निवाऱ्याला 2021 मध्ये 49,284 रुपये ठरले होते, आत्ताचा दर विचारून घ्या. त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो आणि ग्रामसेवकाच्या दारात दोन-चार चपला झिजवाव्या लागतात.

यातली गोम अशी, की 8,000 रुपयांत बाजारात चांगली गाभण उस्मानाबादी मिळत नाही. वरचा फरक तुमच्या खिशातून. लोक मग काय करतात? आकड्यात बसणारी शेळी घेतात. कुणाची दात गेलेली, कुणाची एका सडाची, कुणाची तीन बाजार फिरून आलेली. आम्हीही तेच केलं. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अगं, ही शेळी दारात बांधल्यावर बघायची असते, बाजारात न्हवं." दहा शेळ्या चार वेगवेगळ्या ठिकाणांहून आल्या. आठवडाभरात एकीच्या नाकातून शेंबूड, तोंडात फोड, मग हगवण. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. तीन गेल्या.

विमा होता. कानात पिवळा टॅग मारलेला होता. पण त्यातल्या दोघींच्या कानात टॅग नव्हता, कान फाटून पडलेला. आमच्या कुंपणाला बोरीच्या काट्या आहेत, शेळ्या पाल्यासाठी त्यात डोकं घालतात. "टॅग नाही तर दावा नाही," एवढंच उत्तर मिळालं आणि फाइल बंद झाली. दोन महिन्यांनी गव्हाण झाडताना कडब्याच्या चुऱ्यात एक टॅग सापडला, आकडे स्वच्छ वाचता येत होते. तो मी अजून खिडकीत ठेवलाय. म्हणून सांगते, शेळी दारात आली की त्याच दिवशी टॅगसकट तिचा फोटो काढा, आणि टॅग पडला की त्याच आठवड्यात कळवून दुसरा मारून घ्या. 1 जून 2024 पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्रीच बंद केली आहे, तेव्हा विम्याचं सोडा, विकायलाही तो लागणारच.

आरोग्यावर सरकारचा खर्च खरं तर सगळ्यात जास्त उपयोगी आहे, आणि लोक त्याला मदत म्हणून मोजतच नाहीत. पीपीआरची लस सरकारी दवाखान्यात मिळते. एकदा टोचली की काही वर्षं काळजी नाही. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) लस पावसाळ्याआधी टोचायची, कारण पहिल्या पावसाचा कोवळा चारा खाऊन धडधाकट करडू रात्रीत मरतं. नवी शेळी आणली की निदान तीन आठवडे वेगळी बांधा. जागा नसेल तर शेजाऱ्याच्या वाड्यात बांधा, पण कळपात सोडू नका. आम्हाला ही अक्कल तीन शेळ्या गेल्यावर आली.

आता जात. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि याच्यावर सगळ्यात कमी पैसा लागतो. एक बोकड वीस-पंचवीस शेळ्यांना पुरतो, योजनेत मात्र दहांमागे एक येतो. म्हणजे दोन शेजाऱ्यांना योजना मिळाली तर एकाने आपला बोकड विकावा आणि दोघांनी मिळून एक खणखणीत घ्यावा. जुळ्यातला, आई दुधाची, सहा महिन्यांत भावंडांपेक्षा पुढे गेलेला. वजन डोळ्यांनी ठरवू नका. लटकवायचा काटा फार महाग नसतो, मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला करडं पोत्यात घालून तोलते आणि वहीत लिहिते. त्या वहीमुळे मला कळलं की माझ्या दिसायला सगळ्यात देखण्या शेळीची करडं दर वेळी मागे राहतात. विकली तिला. दोन वर्षांनी बोकड बदला, नाहीतर बाप-लेकींचा संबंध येतो आणि करडं खुरटी निघतात.

बोअरचं, म्हणजे मांसासाठीच्या दक्षिण आफ्रिकी शेळीचं, वेड डोक्यात असेल तर आधी फलटणला जाऊन या. निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1993 मध्ये बोअर देशात आणली, मेंढीत जुळी कोकरं देणाऱ्या जनुकाचं कामही त्यांचंच. बोअरचं रक्त उस्मानाबादीत आलं की वजन वाढतं, यात शंका नाही. पण त्या वजनाला खुराक लागतो. नुसत्या माळावर सोडून बोअरचं वजन मागणं म्हणजे उपाशी बैलाकडून नांगर ओढून घेणं. अस्सल देशी जनावर बघायचं असेल तर आमच्या महूदला पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे.

आणि चारा. इथे अनुदानापेक्षा पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड कामाचं. जनावर घ्यायला नव्हे, खुराक, औषध, चारा यांच्या खेळत्या भांडवलाला. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही. व्याज 7 टक्के, वेळेत फेडलं तर 4 टक्के पडतं. बँकेत साहेब म्हणतील, शेळ्यांना कार्ड नसतं. असतं. नम्रपणे लेखी नकार मागा, बहुतेक वेळा फॉर्म मिळतो. कडबाकुट्टी यंत्राला पंचायत समितीकडून निम्मं अनुदान येतं तेव्हा अर्ज टाकून ठेवा. कुट्टी केल्याने निम्मा कडबा पायाखाली जायचा थांबतो, हे घरचं अनुदान समजा.

आपल्याकडे कारखाने सुरू झाले की उसाचे वाढे फुकटात मिळतात आणि लोक चार-चार महिने तेच घालतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम खेचतं. गाभण शेळीला तर नकोच. ज्वारीचा कडबा, तूर आणि हरभऱ्याचा भुसा, बांधावर सुबाभूळ, शेवरी, हादगा. पाऊण एकरात मेथीघास आणि दशरथ घास असेल तर दहा-बारा शेळ्यांना बाहेर बघावं लागत नाही. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवं, किलोभर वाळलं आणि दोन-अडीचशे ग्रॅम खुराक, एवढं धरून चला.

तुमच्या जागी असते तर मी जूनमध्ये चारा लावला असता, तोवर राज्याच्या योजनेत नाव घालून ठेवलं असतं, आणि शेळ्या दिवाळीनंतर घेतल्या असत्या, पाचच. सांगोल्याचा बाजार रविवारी भरतो. पहिले दोन रविवार पैसे घरी ठेवून जा. पहाटे जा, दुपारी निम्म्या दरात मिळते ती शेळी का उरली ते कुणी सांगत नाही. आणि शेळी घ्यायच्या आधी मागच्या वेताचं करडू दाखवायला सांगा. "ते घरी आहे" म्हणाला, तर म्हणा, चला मग घरी.