घरातली गजाल वाडीभर जाईल का?

"चेडवाक मी धाडतंय. पण घरातली गजाल वाडीभर गेली तर? आणि झिलाक कित्याक व्हया? तो घट आसा." मालवण किनाऱ्यावरच्या एका आईचे हे शब्द. (मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा, गजाल म्हणजे गोष्ट.) तरुण मुलांचा आधारगट, म्हणजे अडचणीतल्या मुलांनी एकत्र बसून बोलायचा गट, म्हटला की इथले बरेच पालक हेच दोन प्रश्न विचारतात: बाहेर फुटेल का, आणि मुलग्याला याची गरज काय? (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

घरची हकिकत थोडक्यात अशी. वडिलांची होडी कर्जापायी विकली गेली. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला मन घेईना, मग घरी बसून पिणं वाढलं. आईने दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. पोटात दुखायचं, तपासण्यांत काही निघत नव्हतं, झोप तुटक. मुलगा १८ चा, बारावीनंतर पर्यटकांच्या बोटींवर कामाला. तो घट्ट वाटायचा, कारण घरी तो फारसा नसायचाच. रात्री बंदरावर, आठवड्यातून दोन-तीनदा बिअर, आणि एकदा वडिलांवर हात उचललेला. संकट एकच होतं, पण मुलीच्या वाट्याला ते काम होऊन आलं आणि मुलाच्या वाट्याला लाज होऊन. म्हणून दोघांसाठी गट वेगळे, वेळा वेगळ्या आणि बोलण्याची सुरुवातही वेगळी.

आधी फुटण्याची भीती. ती खोटी आहे असं कुठल्याही आईला सांगू नये. वाडीत भावकी आणि शेजार एकमेकांत इतके गुंतलेले असतात की भीती बाळगायला जागा आहेच. उपाय गटाच्या बांधणीतच करावा लागतो. प्रत्येक मुलाला आधी एकट्याने ३०-४० मिनिटं भेटायचं आणि थेट विचारायचं, "कोणासोबत बसायला नको?" उत्तर आलं की कारण न विचारता ते पाळायचं. ८ ते १० जणांच्या गटात किमान तीन वाड्यांची मुलं घ्यायची. चुलत-मावस भावंडं एका गटात नकोत, भिंतीला भिंत लागून राहणारेही नकोत. जागा अशी निवडायची की तिथे जाताना दिसलं तरी कोणी काही समजू नये. वाचनालयाची मागची खोली चालते. मानसोपचाराची पाटी असलेली खोली चालत नाही, आणि देवळाचा सभामंडप तर मुळीच नाही.

नियम पहिल्या दिवशी सांगायचा: इथे शिकलेलं बाहेर न्यायला हरकत नाही, पण कोण काय बोललं ते खोलीतच राहील. याला तीन अपवाद असतात आणि तेही त्याच दिवशी सांगावे लागतात. कोणी जीव द्यायचा विचार करत असेल, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते गटचालकाला स्वतःपाशी ठेवता येत नाही. तिसऱ्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. अपवाद आधी न सांगता मुलीने सगळं बोलून टाकल्यावर सांगितले, तर तिला फसवल्यासारखं वाटतं आणि गट तिथेच मोडतो.

निनावी चिठ्ठ्यांचा खेळ बहुतेक जण हौसेने करतात. दहा जणांत अक्षर ओळखू येतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही. चिठ्ठी हवीच असेल तर छापील पर्यायांवर खूण करायला द्यावी, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन.

वेळापत्रक ठरवताना किनाऱ्याचं वर्ष बघावं लागतं. मे महिन्यात खोल्या भरलेल्या, तेव्हा मुलगी येऊच शकत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, पावसामुळे पर्यटकांच्या बोटीही ओढून ठेवलेल्या. मुलगे रिकामे आणि खिसाही रिकामा, तेव्हाच त्यांची चिडचिड टोकाला जाते. गणपतीत चाकरमानी आले की मुलींचं काम दुप्पट. म्हणून ८ आठवडे, आठवड्याला ७५ मिनिटं, सुरुवात जूनच्या मध्याला. मुलींचा गट शनिवारी दुपारी, म्हणजे उजेडात परतणाऱ्या एसटीने घरी जाता येतं. खोलीजवळ आतून कडी लागणारं, पाणी असलेलं शौचालय हवंच; ते नसलं तर पाळीच्या दिवसांत मुली गळतात आणि कारण कोणी सांगत नाही. मुलग्यांचा गट संध्याकाळी.

पहिल्या दोन बैठकांत स्वतःच्या घराबद्दल कोणी बोलायचं नाही, हे मुद्दाम ठरवलेलं असतं. घाईने सगळं काढून घेणं घातक. आपत्तीनंतर एकाच बैठकीत झालेलं सगळं वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते.

तिसऱ्या बैठकीत मुली २४ तासांची पट्टी काढतात, एका तासाला एक चौकोन. या मुलीच्या पट्टीत पहाटे पाचला पर्यटकांचा चहा-नाश्ता, मग कॉलेज, परत येऊन चादरी, रात्री भांडी, आणि अकरानंतर अभ्यास. रिकामा चौकोन एकही नाही. पोटदुखीचं सगळं उत्तर त्या कागदात असेल असं नाही, पण "मी आळशी झालेय" हे तिचं वाक्य तिथे थांबलं. पुढच्या दोन बैठकांत एकच सराव: एक काम दुसऱ्याकडे कसं द्यायचं, कोणाला सांगायचं, कोणत्या शब्दांत. "मला जमत नाही"पेक्षा "सकाळचा नाश्ता मी करते, चादरी दादाने काढाव्यात" हे घरात जास्त चालतं.

मुलग्यांना "काय वाटतं?" विचारलं तर उत्तर येतं, "काय नाय." समोरासमोर गोल बसवलं की हसणं सुरू. इथे जाळी शिवायला घेतली. हात गुंतलेले, नजर जाळ्यावर, प्रश्नही घटनेचा: "त्या रात्री बंदरावरून किती वाजता घरी गेलास?" झोप, पैसा, दारू या वाटेने बोलणं वडिलांपर्यंत पोचलं. कोणी रडलं आणि दुसरा हसला तर हसणाऱ्याला झापायचं नाही. हे हसू बहुधा घाबरल्याचं असतं, काम पुढे चालू ठेवायचं. दोन चालकांपैकी एक तरी पुरुष असावा, आणि तो भाषण देणारा नसावा. रागासाठी सराव साधा: मूठ आवळली, कान गरम झाले की वाद सोडून २० मिनिटं चालायचं, आणि परत येणार हे सांगून निघायचं. न सांगता निघालं तर घरच्यांना तो पळून गेल्यासारखं वाटतं. जीव द्यायचा विचार येतो का, हेही स्पष्ट विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

दोन्ही गटांत आपण बसत नाही असं वाटणारं एखादं मूल असतं. त्याला कुठे बसायचं ते त्यालाच विचारायचं, तेही एकांतात.

सहाव्या आणि आठव्या बैठकीला दोन्ही गट एकत्र. भाऊ-बहीण असतील तर दोघांची आधी संमती. इथे बहिणीने नको म्हटलं, म्हणून ती सहावीला आली नाही, आठवीला आली.

गटाने वडिलांची दारू सुटली नाही, कर्जही फिटलं नाही. मुलगा दोन बैठका चुकला, पुन्हा आला. चादरी आता तो काढतो. मुलीची झोप सुधारली, पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकून होती म्हणून तिला गटासोबत डॉक्टरांकडेही पाठवलं. १० ते १९ वयासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याच्या समुपदेशन सेवेची चौकशी सरकारी दवाखान्यात करता येते. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

आणि गोष्ट खरंच फुटली तर? ज्याची फुटली त्याला आधी एकट्याने भेटायचं, गटात काढायची का ते त्याने ठरवायचं. हो म्हणाला तर पुढच्या बैठकीची पहिली १५ मिनिटं त्यासाठी, चोर शोधण्यात ती घालवायची नाहीत. आईने घरी मात्र "आज काय बोललात?" विचारू नये. "पुढल्या शनिवारी जातलंस मां?" एवढं पुरतं.