‘आमची पोर काही बोलतच नाही’

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, की पुढच्या आठवड्यापासून माझा फोन वाजायला लागतो. मार्क कमी पडलेल्यांचे फोन कमी असतात. त्यांना निदान काय करायचं ते ठाऊक असतं. चांगले मार्क पडलेल्यांचीच घरं जास्त हवालदिल असतात. प्रश्न बहुतेक एकच: मॅडम, मार्क भरपूर आहेत, पण पुढं काय व्हायचं ते हा सांगतच नाही. किंवा ही सांगतच नाही. आत्ता ठरवलं नाही तर वेळ निघून जाईल ना?

करिअर समुपदेशक म्हणून मी जळगावला बसते आणि महिन्यातले दोन रविवार अमळनेरला. 2025 च्या मे महिन्यातल्या अशाच एका रविवारी आलेल्या घराची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि मुलीचं नाव मुद्दामच देत नाही.

वडील, आई आणि मुलगी. अमळनेर तालुक्यातलंच गाव, बोरी नदीच्या अंगाला, आठ एकर कोरडवाहू कापूस. मुलीला 91 टक्के. वडील खुर्चीच्या अगदी कडेला टेकले आणि मुद्द्यालाच आले. लातूरला नीटच्या क्लासला घालायचं, दोन लाख वीस हजारांची सोय झालीय, पण "आमनी पोर हुशार शे, पन बोलसच नई." आई तिच्याकडे वळून म्हणाली, "तुले काय व्हवानं शे ते सांग ना मॅडमले!" मुलगी ओढणीच्या टोकाला गाठ मारत बसलेली. गाठ सोडली, परत मारली.

त्या वर्षी अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदाच सगळ्या राज्यात लागू झाली होती. आधी ती मुंबई-पुणे-नाशिकसारख्या मोजक्या भागांत होती. त्यामुळं तालुक्याच्या गावी लोक भांबावलेले. फॉर्ममध्ये दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरता येतात, आणि वडिलांना वाटत होतं की त्या रकान्यात आज जे भरू तेच पोरीचं आयुष्य.

मी आईवडिलांना चहाला पाठवलं. अमळनेरला ही एक सोय चांगली आहे, खाली उतरलं की टपरी.

एकटी असताना मुलांना "तुला काय व्हायचंय" हे मी विचारत नाही. तो प्रश्न त्यांनी पाहुण्यांकडून पाचशे वेळा ऐकलेला असतो आणि उत्तर पाठ असतं. मी विचारलं, मागच्या दिवाळीत शाळेला सुट्टी होती तेव्हा घरी काय केलंस? ती म्हणाली, वेचणीचा हिशोब. बायकांनी वेचलेला कापूस तोलायचा, नावापुढं किलो लिहायचे, आठवड्याला मजुरी काढायची. किलोला दहा रुपये. डायरी आहे का? होती, सोबतच. दप्तर संपलं तरी ती डायरी तिच्या पिशवीत होती.

डायरी म्हणजे खतकंपनीची जुनी दैनंदिनी. पेन्सिलीनं लिहिलेली नावं, पुढं आकडे, आणि शेवटी तिनं स्वतःच पाडलेला एक रकाना: ‘स’ आणि ‘दु’. सकाळ, दुपार. हे कशाला, म्हटलं. तर सकाळी दवात वेचलेला कापूस जास्त भरतो, म्हणून. तिनं एक बारा किलोचं गाठोडं सकाळी तोललं, ओट्यावर पसरवलं, आणि संध्याकाळी परत तोललं. अकराच्या वर थोडं. मग चार दिवस रोज तेच. पाचव्या दिवशी ढग होते, तर फरक जवळपास पडलाच नाही, हेही तिनं कोपऱ्यात लिहून ठेवलेलं.

मी विचारलं, मग बायकांचे पैसे कापायचे का? ती पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून बोलली. नाही मॅडम, त्यांचं कशाला कापायचं. पण आपण ओला कापूस गाडीत भरून नेतो आणि तिकडं कटती लागते. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात आणि बाराच्या वर गेला की माल परत, हे तिला तोंडपाठ होतं. बापाला ती सांगत होती की दोन दिवस वाळवून नेऊ. बाप म्हणाला, पोरीनं डोकं चालवू नये.

आणि इथं मी माती खाल्ली. इतक्या वर्षांच्या कामानंतरही होतं असं. मला त्या डायरीचा मोह पडला. मी लगेच बीएस्सी ॲग्रीचं सांगायला लागले: चार वर्षांची पदवी, धुळ्याला शेतकी कॉलेज आहे, सीईटीतून प्रवेश, शेतकऱ्याच्या मुलांना सातबाऱ्यावर गुणांचा अधिभार मिळतो... तिनं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "शेतीत नको मॅडम. शेती मी रोज बघते."

मी गप्प झाले. मुलाच्या हातात काही दिसलं की आपण मोठी माणसं लगेच त्यावर पदवीचं नाव डकवतो. वडील लातूर डकवत होते, मी धुळं डकवलं, एवढाच काय तो फरक.

मग सरळ विचारलं, बोलत का नाहीस घरी? उत्तर यायला वेळ लागला. तिचा मोठा भाऊ. दहावीला असताना कुणीतरी विचारलं, तर तो म्हणाला होता, मला गाड्या आवडतात. झालं. मेकॅनिकल डिप्लोमाला घातला. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हा रस्ता तसा चांगलाच आहे, मी स्वतः अनेकांना सुचवते. पण त्याचं ड्रॉइंग आणि गणित तुंबत गेलं, दुसऱ्या वर्षी सोडलं, आता मोबाइलच्या दुकानात आहे. आणि घरात भांडण कुठल्याही कारणानं होवो, भाजीत मीठ कमी पडल्यावरून का होईना, शेवट एकच: तूच म्हणाला होतास ना!

म्हणून ही बोलत नव्हती. तिला काही वाटत नव्हतं असं नाही. आपल्या घरांत पंधरा वर्षांच्या पोरानं तोंडातून काढलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अशा घरात शहाणं पोर गप्पच बसणार. माझ्याकडं ‘काहीच ठरत नाही’ म्हणून आणलेल्या मुलांपैकी किती जण असे शब्द गिळून बसलेले असतात, हे मला फार उशिरा कळायला लागलं.

आईवडील वर आले. मी डायरी वडिलांपुढं ठेवली आणि विचारलं, ही पेन्सिलीनं का लिहिते? ते म्हणाले, काटा चुकतो कधी, परत तोलावं लागतं, खोडावं लागतं. म्हटलं, मग पुढचंही पेन्सिलीनंच लिहू द्या तिला. मागच्या कोऱ्या पानावर ती आज तीन गोष्टी लिहील. वाटेल तेव्हा खोडेल. खोडलं म्हणून घरात कुणी एक शब्द बोलायचा नाही. वडील हसले, पण मान डोलावली. तिनं पान हातानं झाकून लिहिलं. मी वाचलं नाही. आईनं प्रयत्न केला.

मग हिशोबाला बसलो, कारण पेन्सिल झाली तरी फॉर्मची तारीख काही खोडता येत नाही.

वडिलांना लातूर का हवं होतं? कारण गावातली एक मुलगी तिथं जाऊन एमबीबीएसला लागली. खरं आहे, लागतात मुलं. मी फक्त आकडा सांगितला. 2025 ला नीटला देशभरातून 22 लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या सरकारी निम्म्याच्या जवळपास, आणि खासगी जागेची फी आठ एकर कोरडवाहूतून निघत नाही. म्हणून जाऊ नये असं नाही. पण जिला जायचं आहे का हेच ठाऊक नाही तिला रोज बारा-चौदा तास त्या एकाच परीक्षेला जुंपायचं, नाव इथल्या कॉलेजात आणि पोर तिकडं खोलीत, हे मला पटत नव्हतं आणि मी तसं बोलले.

माझं म्हणणं असं होतं: अमळनेरलाच अकरावी सायन्स घ्या, आणि गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. मराठी, इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र. ओझं वाढतं, खोटं कशाला बोलू. ज्याला गणिताची भीती आहे त्याला मी हे कधीच सांगत नाही. पण ही पोर किलो-रुपयाशी खेळणारी. दोन्ही असले की बारावीनंतर नीटही देता येते आणि राज्याच्या एमएचटी-सीईटी प्रवेशपरीक्षेचे गणिताचा आणि जीवशास्त्राचा असे दोन्ही ग्रुपही. इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्री, फूड टेक्नॉलॉजी, साधी बीएस्सी, काहीच सुटत नाही. सीईटीला चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, प्रश्नांत अकरावीचा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास आणि बाकी बारावीचा. म्हणजे अकरावी गेली म्हणून सगळं गेलं असंही नाही. डॉक्टरकीचं मन झालं तर दहा महिन्यांनी लातूर तिथंच आहे.

आईचा प्रश्न वेगळा होता आणि तो मला जास्त खरा वाटला. पोरीच्या शिक्षणाला एवढा पैसा लावायचा, पुढं लग्नाचंही बघायचं. मी तिला 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाबद्दल सांगितलं. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, ॲग्री अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी प्रवेशफेरीतून लागलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क दोन्ही शंभर टक्के माफ, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं. हे घर ओबीसीतलं. होस्टेल-मेस मात्र घरूनच, ते माफीत येत नाही. आईनं दोनदा विचारलं, मुलींचीच? मुलींचीच. ती नवऱ्याकडं बघून जे हसली ते मला अजून आठवतं.

पण ही माफी कागदांवर चालते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, डोमिसाइल, आणि सगळ्यात वेळखाऊ जात पडताळणी. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुनी नोंद. जुलैत प्रवेशफेरी सुरू झाल्यावर सेतूच्या रांगेत रडणारे बाप मी दरवर्षी बघते. नीटच्या क्लासची पावती बॅगेत असते, आणि पणजोबाचा दाखला कुठं आहे ते कुणाला माहीत नसतं. शोध आत्ताच सुरू करा, म्हटलं.

आणखी एक काम दिलं. मे-जूनमध्ये तिनं तीन ठिकाणी दिवसभर बसायचं. गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, नात्यातल्या एका सीएचं ऑफिस, आणि भावानं सोडलं तसलंच एक पॉलिटेक्निक, त्याची वर्कशॉप चालू असेल तेव्हा. नुसतं बसायचं, आणि ‘सगळ्यात कंटाळवाणं काम कुठलं होतं’ तेवढं लिहून आणायचं. कौतुकाचं काम कुणालाही आवडतं. कंटाळवाणं काम सोसवतं का, ते बघायचं असतं. तिला जिनिंगही, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात ती गिरणीही, बघायची होती, पण मे महिन्यात जिनिंग बंद, कापूसच नसतो. ते दिवाळीवर गेलं.

आरोग्य केंद्रातून आली ती जरा गंभीर होऊन. तिथल्या सिस्टर दिवसभर रजिस्टरं भरत होत्या, आणि तिला ते कंटाळवाणं वाटलं नाही. सीएचं ऑफिस: "सगळे आकडे, पण वस्तू दिसत नाही." हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. पॉलिटेक्निकला ती भावालाच सोबत घेऊन गेली, हे मी सांगितलं नव्हतं. तिथं काय झालं ते दोघांनी घरी कुणाला सांगितलं नाही आणि मलाही नाही.

दिवाळीनंतर जिनिंगला गेली. ग्रेडर नुसत्या बोटांनी रुईचा धागा ताणून लांबी सांगतो, ओलाव्याचं मशीन ढिगात खुपसलं की आकडा येतो, सरकी एकीकडं, रुई दुसरीकडं आणि शेवटी 170 किलोची गाठ. फोनवर वीस मिनिटं बोलली. जी मुलगी ओढणीला गाठी मारत बसली होती ती मला गाठ कशी बांधतात ते सांगत होती. मी या वेळी टेक्स्टाइल इंजिनिअरिंग हा शब्द तोंडातून काढला नाही. जीभ चावून बसले. ज्या कंपनीत नोकरी लागावी म्हणून इथली पोरं पुण्या-बंगळूरला जातात ती विप्रो 1945 साली याच अमळनेरात वनस्पती तेल-तुपाच्या गिरणीतून सुरू झाली, एवढंच सांगितलं. तिला माहीत होतं. अमळनेरच्या पोरांना ते असतंच.

आता ती बारावीला आहे. अकरावीत गणिताला चांगले मार्क, जीवशास्त्राला बेताचे. लातूरचे पैसे? वडिलांनी त्यातून दोन एकराला ठिबक बसवलं. फोनवर हे सांगताना त्यांचा आवाज चोरट्यासारखा झाला होता. म्हटलं, बारावीनंतर होस्टेलला लागतील तेवढे बाजूला ठेवलेत ना? ठेवलेत म्हणाले. आणि गेल्या हंगामात पहिला कापूस दोन दिवस वाळवून नेला, हेही जाता जाता सांगितलं, जसं काही ते त्यांनाच सुचलं होतं.

मागच्या आठवड्यात परत फोन आला. पणजोबांचा दाखला सापडला. शेजारच्या गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात, मोडीत नोंद आहे, ती वाचून देणारा माणूस कुठं मिळेल? मी पत्ता देत होते, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, "मॅडमला सांगा, डॉक्टर मी खोडलं नाहीये अजून. तीन नंबरवर टाकलंय."

"आणि एक नंबरवर?" वडिलांनी तिलाच विचारलं.

"ते पेन्सिलीनं आहे," ती म्हणाली.