विंटरथरला पहिल्यांदा जाताय?

सगळं बघायचा हट्ट आधी सोडा. अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनजवळचं हे घर जुन्या वस्तूंचे संग्राहक हेन्री फ्रान्सिस द्यू पाँ यांचं, 1951 पासून संग्रहालय म्हणून खुलं आहे. पावणेदोनशे खोल्या, नव्वद हजारांच्या आसपास वस्तू. एका दिवसात काय काय बघणार?

मी सांगेन, फर्निचरला धरा. त्यातही अठराव्या शतकातलं अमेरिकन. न्यूपोर्टच्या सुतारांनी कपाटांवर कोरलेले शिंपले आणि फिलाडेल्फियाच्या खुर्च्यांचे चेंडू पकडलेल्या पंजासारखे पाय, एवढं ओळखू आलं तरी निम्मी मजा हाती लागते. दर्शनी भागाला बहुतेक महोगनी किंवा अक्रोड, पण ड्रॉवरच्या आतल्या बाजूंना गावातलंच स्वस्त लाकूड: बॉस्टनकडे पांढरा पाइन, फिलाडेल्फियाकडे बऱ्याचदा ट्युलिप पॉप्लर. वस्तू कुठे बनली ते त्यावरून कळतं, म्हणून जाणकार आधी तिथेच बघतात. तुम्हाला हात लावता येणार नाही, तेव्हा गाइडला विचारा. असा प्रश्न विचारला की गाइडही खुलतात.

खोल्यांत उजेड मंद असतो. जुनी कापडं विटू नयेत म्हणून. डोळे सरावेपर्यंत दारातच थांबा. त्या कापडांत आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरची रंगवलेली सुती छिंटही आहे, तेवढी चुकवू नका. अमेरिकन क्रांतीतला प्रसिद्ध चांदीकारागीर पॉल रिव्हियर याचे चांदीचे सहा टँकर्ड (झाकणाचे मोठे पेले) तर सगळेच बघतात, तुम्हीही बघालच.

सूप वाढायच्या भांड्यांचा वेगळा संग्रह आहे. मला कंटाळा येतो, पण चिनी मातीची आवड असेल तर जा. बूट मात्र सपाट घाला, कारण बाहेरची बागही मोठी आहे.