मिरगाचे ठोकताळे टिपताना

नव्याने भातशेतीत उतरून गावातल्या वडीलधाऱ्यांकडून पावसाचे ठोकताळे गोळा करणाऱ्या तुम्हाला माझे पहिले सांगणे असे, की सगळे ठोकताळे एकाच मापाने मोजू नका.

चंद्राभोवती खळे दिसले की पाऊस जवळ आला, ही खूण मी मानतो. कारण ते खळे उंचावरच्या विरळ ढगांतील हिमकणांमुळे उमटते आणि असे ढग पुष्कळदा पावसाळी ढगांच्या आधी पोहोचतात. तांबड्या मखमली मिरगाच्या किड्याचे तसे नाही. तो पहिल्या सरींनी जमीन भिजल्यावर बाहेर पडतो, म्हणजे पाऊस झाल्याची साक्ष देतो, भाकीत नव्हे.

नक्षत्राच्या वाहनाबाबत, म्हणजे पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला जोडल्या जाणाऱ्या प्राण्याबाबत, मात्र फार सावध राहावे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला ९ने भागतात व बाकीवरून वाहन ठरवतात; बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर भरपूर पाऊस मानतात. या गणितात वारा, ढग, समुद्र यांपैकी कशालाही जागा नाही, आणि गोव्याला व घाटापलीकडच्या कोरड्या मुलखाला ते एकच वाहन देते.

मृग नक्षत्र ८ जूनच्या सुमारास लागते आणि गोव्यात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ५ जूनच्या आसपास येतो, म्हणून मिरगावरचा विश्वास अनुभवातूनच आलेला आहे; तरीही तरवा (लावणीसाठीची भातरोपे) पेरण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज अवश्य पाहावा. प्रत्येक खुणेची तारीख, वाऱ्याची दिशा आणि पुढे काय घडले ते वहीत लिहा, विशेषतः खूण चुकली तेव्हा.