पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली, आता हार्मोनचा पॅच लावावा का?

केज तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४१, गर्भाशयाची पिशवी काढून सात वर्षं झाली. त्या लिहितात: "रात्री अंगातून वाफा निघायल्यात, पोलकं पिळावं इतका घाम. झोप नाही, दिवसभर चिडचिड. मालकांजवळ जायचं म्हटलं की आग होते, म्हणून टाळते. लेक लातूरला नर्सिंग शिकते. ती म्हणाली, अंगाला चिकटवायचा हार्मोनचा पॅच मिळतो. मालक म्हणतात, हार्मोननं कॅन्सर होतो. जाऊबाई म्हणतात, पिशवी गेली की हे भोगावंच लागतं. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचंय, मुकादमाकडून उचल घेतलीय. पॅच लावू का? आता लावू की तोडीहून आल्यावर?"

ताई, तुमची लेक बरोबर सांगतेय, आणि जाऊबाईंचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. हे भोगायची गरज नाही.

आधी घरातली ट्रंक उघडा आणि ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. पिशवी कशासाठी काढली, पूर्ण काढली का, आणि तिच्या दोन्ही बाजूंची अंडाशयं ठेवली की तीही काढली, हे त्या कागदावर असतं. तुमच्या भागात कितीतरी जणींना हे कुणी सांगितलेलंच नाही. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय, पोटात दुखतंय एवढ्यावरून "काढून टाका, पुढं कॅन्सर होईल" असं सांगून तिशीतल्या बायकांना टेबलावर घेतलं गेलं. याचा मला आजही संताप येतो. अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन हा हार्मोन एकदम तुटतो, आणि एरवी सावकाश येणारा बदल काही दिवसांत अंगावर कोसळतो. अंडाशयं ठेवली असली तरी पिशवी काढल्यावर ती काही वर्षं लवकर थकू शकतात. कागद हरवला असेल तर त्या दवाखान्यातून नक्कल मागा, तुमचा हक्क आहे. तीही नाही मिळाली तर सोनोग्राफी आणि हार्मोनची रक्ततपासणी करून डॉक्टरांना बराच अंदाज येतो.

आपल्याकडं पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते. तुमच्या शरीराला त्या वयापर्यंत तरी जो हार्मोन मिळायला हवा होता, तो त्याआधीच बंद झालेला दिसतोय. त्यानं झोप तर जातेच, पण हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचा धोकाही वाढतो. म्हणून इतक्या लवकर हार्मोन तुटलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, निदान पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत तो बाहेरून द्यावा असंच तज्ज्ञ सांगतात. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईची हाडं जपायलाच हवीत.

आता मालकांची भीती. ती उगाच नाही. २००२ साली अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला, तेव्हापासून ती पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पिशवी असलेल्यांना दोन हार्मोन गोळीतून एकत्र दिले होते, आणि त्यांच्यात वर्षाला दर १०,००० जणींमागं स्तनाच्या कॅन्सरचे साधारण ८ रुग्ण जास्त निघाले. पिशवी काढलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हा दुसरा हार्मोन लागतोच, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढून कॅन्सरचा धोका असतो. तुमची पिशवी पूर्ण निघाली असेल तर बहुतेक एकट्या इस्ट्रोजेनवर भागेल. हे मालकांना माझ्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, त्यांना सोबत न्या.

गोळीतला हार्मोन आधी यकृतातून जातो, त्यामुळं रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो. पॅचमधला कातडीतून थेट रक्तात उतरतो आणि नेहमीच्या डोसला तो धोका वाढलेला दिसत नाही. बहुतेक पॅच आठवड्यातून दोनदा बदलतात, मंगळवार-शुक्रवार असे वार धरले की विसरायला होत नाही. ओटीपोटावर किंवा ढुंगणावर लावायचा, छातीवर कधीच नाही. परकराची नाडी जिथं आवळते तिथंही नको, घासून निघतो. कातडी धुऊन कोरडी करा, तेल-पावडर नको, तळहातानं दहा सेकंद दाबून धरा, दरवेळी जागा बदला. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, म्हणून चिकट बाजू आत घडी घालून लेकरांच्या हाती लागणार नाही असा टाका.

फडात घामानं पॅच सुटत असेल तर इस्ट्रोजेनचं जेल येतं, रोज चोळायचं. औषध तेच. गावच्या मेडिकलवर पॅच सहसा नसतो, तेव्हा जेलचं डॉक्टरांना जरूर विचारा. आणि मालकांजवळ जाताना होणारी आग, तीही बहुतेक याच कारणानं होत असते. आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम त्यावर चांगलं काम करतं. हे सांगायला अजिबात लाजू नका, बाईडॉक्टर मागून घ्या.

स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, हार्ट ॲटॅक, लकवा, यकृताचा मोठा आजार यांतलं काही झालं असेल तर ते पहिल्यांदा सांगा. मग मार्ग वेगळा, हार्मोनशिवायची औषधंही आहेत. अंगावरून लाल जात असेल तर तपासणीआधी काहीच सुरू करायचं नाही. लेकीच्या मोबाईलवरून स्वतः मागवूही नका.

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. तिथल्या स्त्रीरोग विभागात जा. कार्ड न्या, बीपी आणि स्तनांची तपासणी करून घ्या.

आणि तोडीहून येईपर्यंत थांबू नका, आत्ताच जा. वाफा काही आठवड्यांत कमी होतात, पण पूर्ण गुण यायला आणि डोस जुळायला तीनेक महिने लागतात. एवढ्या दिवसांत स्तन थोडे दुखतील, कातडीला खाज सुटेल, ते डॉक्टरांना दाखवून जुळवता येतं. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत गेल्यावर कोण बघणार? निघताना सगळ्या हंगामाचं औषध आणि चिठ्ठी सोबत घ्या, आणि पॅचचं पाकीट उन्हात तापणार नाही असं ठेवा. तिकडं एका पायाची पोटरी सुजून दुखली किंवा छातीत कळ आली, तर मुकादमाची परवानगी मागत बसू नका, १०८ ला फोन करा.