नाकातल्या पॉलिपच्या (मऊ, फुगीर वाढीच्या) ऑपरेशननंतर रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅलर्जिक फंगल सायनसायटिस’ आलंय. ही काळी बुरशी आहे का?

नाही, २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत दिसलेली काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, ही नव्हे. ती ऊतींत आणि रक्तवाहिन्यांत घुसते. या आजारात बुरशी सायनसमधल्या घट्ट, चिकट शेंबडातच राहते आणि शरीराला तिची अ‍ॅलर्जी होऊन सूज येते, पॉलिप वाढतात. या आजाराच्या निदानासाठीच्या १९९४ च्या बेंट-कून निकषांतही बुरशी ऊतींत शिरलेली नसावी, ही अट आहे. बायोप्सी रिपोर्टमध्ये ती ओळ जरूर पाहा. म्हणून मुख्य उपचार ऑपरेशन आणि नंतर स्टेरॉइड, बुरशीनाशक गोळ्या सहसा दुय्यम. बरं वाटलं तरी नाक धुणं आणि स्प्रे स्वतःहून थांबवू नका, हा आजार वारंवार उलटतो. मात्र डोळा सुजला किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.